तहानलेले गाव आणि बुडालेले गाव

मराठी कादंबरीत संबंध गाव ओस पडण्याचे दोन प्रसंग वाचकाच्या मनावर कायमचे कोरले गेले आहेत. पहिला व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५). तेथे पाऊस येत नाही, म्हणून गाव उठते. दुसरा विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’तला (१९९१). तेथे धरणाचे पाणी येते, म्हणून गाव उठते. एका गावाला पाण्याच्या अभावाने देशोधडीला लावले, दुसऱ्याला पाण्याच्या साठ्याने. असे असूनही आपली समीक्षा या दोन कृती बहुधा वेगवेगळ्या खणांत ठेवते. ‘बनगरवाडी’ प्रादेशिक कादंबरीच्या खणात जाते आणि ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांच्या प्रश्नावरील कादंबरीच्या. प्रस्तुत लेखात या दोन्ही कादंबऱ्या शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याचा विचार आहे. तसे वाचल्यास धरण या विषयाशी आपल्या वाङ्मयाचा व्यवहार कितपत पुरा झाला आहे आणि काय राहून गेले आहे, हे ध्यानी येईल असे वाटते.

दोन्ही ठिकाणी गावाच्या नाशाचा साक्षी शाळामास्तर आहे, हे साम्य प्रथमदर्शनीच नजरेत भरते. बनगरवाडीचा राजाराम मास्तर हा औंध संस्थानच्या चाकरीत नव्याने लागलेला पोरसवदा तरुण. धनगरांच्या त्या वस्तीत तो उपरा म्हणून येतो, हळूहळू तिचा होतो, गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि अखेरीस दुष्काळाने पांगलेल्या वाडीकडे पाठ करून निघून जातो. ‘झाडाझडती’तल्या खैरमोडे गुरुजींना असे निघून जाणे शक्य नाही. गावाचा प्रश्न हाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो. पहिला मास्तर पाहतो, दुसरा झगडतो. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या अवधीत मराठी कादंबरीतल्या मास्तराच्या भूमिकेत पडलेला हा फरक केवळ दोन लेखकांच्या पिंडधर्माचा नव्हे. संकटाचे स्वरूपच पालटले होते.

दुष्काळ नोटीस बजावून येत नाही. त्याच्याविरुद्ध अर्ज करता येत नाही, त्याला अपील नसते. म्हणूनच ‘बनगरवाडी’च्या शेवटच्या भागात आक्रोश नाही. माडगूळकरांचे वाक्य आधीच मोजके. वाडी रिकामी होऊ लागते तेव्हा ते अधिकच मिताक्षरी होते. कोणावर दोषारोप नाही, कोणाकडे दाद मागणे नाही. मेंढरे घेऊन माणसे निघतात आणि घरे मागे राहतात. या संयमाचे सर्वांनी कौतुक केले आहे व ते योग्यच आहे. परंतु या संयमामागे एक गृहीत आहे, तेही पाहिले पाहिजे. आभाळाच्या मर्जीपुढे माणसाचा इलाज नाही, असे ते गृहीत. कादंबरीच्या काळात आणि त्या माणसांच्या अनुभवात ते खरेच होते.

धरण मात्र नोटीस घेऊनच येते. त्याच्यामागे कायदा, नकाशा, पंचनामा, मोजणी आणि मोबदल्याचा तक्ता असतो. ‘झाडाझडती’चे मोल या कागदी सृष्टीला कादंबरीच्या कक्षेत आणण्यात आहे. ‘बुडीत क्षेत्र’, ‘लाभक्षेत्र’, ‘संपादन’, ‘पुनर्वसन’ हे कचेरीतले शब्द तेथे माणसांच्या तोंडी येतात, त्यांच्या संसारात शिरतात आणि त्यांचे वाटोळे करतात. पाटील स्वतः महसुली प्रशासनात होते. त्यामुळे फाईल कोठे अडते, सही कशी लांबते, जमीन कागदोपत्री मिळूनही प्रत्यक्षात कशी मिळत नाही, हे सारे त्यांनी आतून पाहिलेले आहे. या कादंबरीचा रोख धरणाच्या भिंतीवर जितका आहे त्याहून अधिक तो भिंत उभी राहिल्यानंतरच्या व्यवहारावर आहे. गाव पाण्याने एकदाच बुडते. पुढची सारी वर्षे ते कचेऱ्यांच्या उंबरठ्यांवर बुडत राहते.

या कादंबरीत माहितीचा भार फार आहे, अशी तक्रार कोणी करील. ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. काही ठिकाणी पात्रे स्वतःचे बोलण्याऐवजी प्रश्नाचे वकीलपत्र घेऊन बोलू लागतात, आणि लेखकाचा संताप वाक्यांना आवरू देत नाही. तथापि माडगूळकरांचा संयम पाटलांकडून मागणे अन्यायाचे होईल. जेथे दोषी कोणी नाही तेथे मौन शोभते. जेथे दोषाची तपशीलवार नोंद दफ्तरात पडलेली आहे तेथे मौन राखणारा लेखक दोषात भागीदार होतो. साहित्य अकादमीने १९९२ साली या कृतीचा गौरव केला तो केवळ तिच्या विषयाचा नव्हता. विषयाला साजेसे रूप शोधण्याच्या धडपडीचाही तो होता असे मी मानतो.

येथवर दोन कृतींचा भेद झाला. आता त्या दोघींनी मिळून काय सोडले आहे त्याकडे वळू. त्यासाठी कादंबरीतून क्षणभर बाहेर येऊन प्रत्यक्ष भूगोलाकडे पाहावे लागेल. बनगरवाडीचा माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आतच असलेल्या आटपाडीच्या माळावर जेमतेम ५०० मिलिमीटर. म्हणजे पाणी नव्हते असे नाही. ते दुसरीकडे पडत होते आणि वाहून जात होते. ते अडवावे कोठे व न्यावे कोठे, हा प्रश्न आभाळाचा नसून माणसांचा आहे. त्या अर्थाने दुष्काळालाही दफ्तर असते. ‘बनगरवाडी’च्या काळात ते उघडले गेले नव्हते, इतकेच.

त्याच महाबळेश्वरच्या परिसरात उगम पावणाऱ्या कोयनेवर १९६४ साली १०३ मीटर उंचीचे धरण पुरे झाले. त्यात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्यापुढे पहिल्यापासून दोन वाटा होत्या. एक पश्चिमेची : बोगद्यांतून सह्याद्रीचा कडा उतरून पोफळीच्या वीजगृहात, आणि तेथून वाशिष्ठीने समुद्रात. दुसरी पूर्वेची : नदीच्या पात्राने कराडला कृष्णेत आणि पुढे कोरड्या मुलखाकडे. पश्चिमेला वळलेल्या पाण्यातून वीज होते, पण ते शेताला उरत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली ती म्हणूनच. देशाला वीज हवी होती आणि पाणीही हवे होते. एकाच जलाशयाकडून दोन्ही मागितली गेली. कोयनेच्या टप्प्याटप्प्याने उभ्या राहिलेल्या वीजगृहांची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट झाली. महाराष्ट्राच्या उद्योगधंद्यांचा पाया ज्या विजेवर घातला गेला तिच्यातला मोठा हिस्सा येथला आहे. आणि या साऱ्यासाठी कोयनेच्या खोऱ्यातली गावे उठली व अनेक जिल्ह्यांत पांगली. राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. कोयनेची माणसे त्याच्या पुष्कळ आधीच घराबाहेर पडली होती. अर्धशतक उलटून गेल्यावरही जमिनीच्या हक्कासाठी त्यांची आंदोलने होत राहिली.

आता या कथेचा दुसरा भाग. कराडच्या संगमाखाली, टेंभू येथे, कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उपसून पूर्वेकडे चढवण्याची योजना १९९०च्या दशकात हाती घेण्यात आली, आणि अलीकडच्या काळात ते पाणी आटपाडीच्या परिसरात पोहोचले. संगमाखालच्या कृष्णेत कोयना मिसळलेली असते. शिवाय हे पाणी चढवायला वीज लागते, आणि राज्याच्या वीजसाठ्यात कोयनेची वीजही असते. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातले गाव बुडाले आणि माणदेशातल्या वाडीला दोन परींनी कोयना मिळाली : एकदा पाणी म्हणून आणि एकदा पाणी चढवणारे बळ म्हणून. वाङ्मयात जी दोन गावे एकमेकांना ओळखत नाहीत ती प्रत्यक्षात एकाच प्रवाहाने बांधलेली आहेत. एकाचे ओस पडणे हे दुसऱ्याच्या वसण्याचे मोल आहे.

हा संबंध लक्षात घेतला म्हणजे दोन्ही कादंबऱ्यांच्या मर्यादा वेगळ्या प्रकाशात दिसतात. ‘बनगरवाडी’ वाचून दुष्काळ हे प्राक्तन वाटते, आणि प्राक्तन म्हटले की वाचक हळहळून मोकळा होतो. ‘झाडाझडती’ वाचून वाचक संतापतो. परंतु तिची दृष्टी विस्थापितांच्या बाजूला उभी असल्यामुळे दुसऱ्या काठावरच्या माणसाचे अंतरंग तिच्यात उघडत नाही. त्याची तीन पिढ्यांची तहान, छावणीतली जनावरे, टँकरच्या रांगेत गेलेले बाईमाणसाचे आयुष्य या गोष्टी धरणाच्या कथेबाहेर राहतात. धरणाची खरी शोकांतिका मात्र येथेच आहे. खल आणि सज्जन यांच्या झगड्यातून शोकांतिका होत नाही. दोन न्याय्य हक्क एकाच वस्तूवर येऊन ठेपतात तेव्हा ती होते. पाणी मागणारा खोटा नाही आणि घर मागणाराही खोटा नाही.

यावर कोणी म्हणेल की, अशाने अन्यायावर पांघरूण पडते. दोन्ही बाजू खऱ्या म्हटल्या की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु वस्तुस्थिती उलट आहे. तहानलेल्याचा हक्क खरा मानला, तर ज्याच्या घरावरून ते पाणी आले त्याचे देणेही तितकेच खरे ठरते. मग पुनर्वसन ही सरकारी कृपा राहत नाही, ते ऋण होते. मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला तेव्हा मुंबईला वीज पुरवणाऱ्या कंपनीसाठी मावळ्यांनी जमीन का सोडावी, असा प्रश्न सेनापती बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला होता. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि मोडला. धरण उभे राहिले. त्या प्रश्नाला विजेची आकडेवारी हे उत्तर पुरेसे नव्हते, आजही नाही. विजेचा दिवा ज्याच्या घरात लागतो त्याने उत्तर द्यायचे आहे, आणि त्याचा आवाज आपल्या कादंबरीत अद्याप उमटलेला नाही असे मला वाटते.

हा दिवा लागलेल्या घरात आपण वाचक बसलो आहोत, याचा समीक्षेला विसर पडता कामा नये. महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच्या मराठी वाचकालाही ही गोष्ट लागू आहे. दक्षिण गोव्यात साळावलीचे पाणी नळाने येते. त्या जलाशयाखाली कुर्डी हे गाव गेले. १९०४ साली मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या ते हे गाव. तेथले कदंबकालीन महादेवाचे मंदिर दगड सुटे करून दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात आणि जुने रहिवासी देवदर्शनाला परत जातात. बडोद्याच्या बाजूने सरदार सरोवराचा मुख्य कालवा जातो. त्या जलाशयाच्या बुडितात महाराष्ट्राच्या अक्राणी व अक्कलकुवा भागातली ३३ गावे आली. इंदूरची तहान नर्मदेवर भागते, आणि त्याच नर्मदेवरील इंदिरासागरासाठी २००४ साली हरसूद हे नांदते गाव उठवण्यात आले. आपल्या साहित्यसभांतून ‘झाडाझडती’वर आपण डोळे ओले करून बोलतो, तेव्हा व्यासपीठावरच्या तांब्यातले पाणी कोठून आले आहे हे विचारण्याची रीत नाही. ती पडली पाहिजे.

‘झाडाझडती’ हे नाव या दृष्टीने फार सूचक आहे. आजवर आपण ती सरकारची, पुढाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची झडती समजून वाचली. ती तशी आहेच. पण कादंबरी मिटल्यावर वाचकाचेही खिसे तपासले जावेत इतके बळ त्या नावात आहे, आणि ते पुरते वापरले गेलेले नाही. त्यासाठी कदाचित तिसऱ्या मास्तराची गरज आहे. हा मास्तर लाभक्षेत्रातल्या शाळेत शिकवत असेल. त्याच्या वर्गात एका बाकावर कालव्याने बागायतदार झालेल्या घरातला मुलगा असेल आणि शेजारी धरणाखालून उठून आलेल्या वसाहतीतली मुलगी. दोघांच्या बापांमध्ये बांधावरून बोलणे बंद असेल. मास्तर फळ्यावर नदीचा नकाशा काढील, उगमापासून संगमापर्यंत, आणि धरणाची आडवी रेघ मारताना त्याचा हात थबकेल. ही कादंबरी कोणी लिहील तेव्हा राजाराम मास्तर आणि खैरमोडे गुरुजी या दोघांचेही अनुभव तिला घ्यावे लागतील. राजारामाकडून तहानेचे मौन घ्यावे लागेल आणि गुरुजींकडून कागदाची ओळख. तोवर निदान वाचकाने ही दोन पुस्तके एका फळीवर ठेवावीत.