बोबड्या बोलांचे श्रोते

लहान मूल घरात काहीतरी विलक्षण बोलून जाते, वडीलधारी माणसे हसतात आणि ते बोलणे पुढे कित्येक वर्षे पाहुण्यारावळ्यांना सांगितले जाते. असा मौखिक संग्रह नसलेले मराठी घर क्वचितच सापडेल. या संग्रहात मुलाचे वाक्य जपलेले असते. पण ते कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले होते, आणि हशा ऐकून मुलाचा चेहरा कसा झाला, हे मात्र कोणी लक्षात ठेवलेले नसते. मूल त्या क्षणी विनोद करीत नसते. ते आपल्या परीने पूर्ण गांभीर्याने, हाती असलेल्या तुटपुंज्या सामग्रीनिशी विचार करीत असते. गंमत निर्माण होते ती ऐकणाऱ्याच्या बाजूला. तेव्हा मराठी साहित्याने मुलाचे बोलणे किती गोड रंगविले, यापेक्षा ते कोणाच्या कानांनी ऐकले, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

बोबड्या बोलांची प्रतिमा आपल्या वाङ्मयात थेट ज्ञानेश्वरीपासून आहे. पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव श्रोत्यांपुढे लेकराची भूमिका घेतात: मूल अडखळत बोलले तरी मायबापांना त्याचा संतोषच वाटतो, तसे माझे बोलणे गोड मानून घ्यावे, असा त्या विनवणीचा आशय आहे. विनयाची ही रीत अतिशय सुंदर आहे, आणि तिच्या मागे उभा असलेला कवी मुळीच बोबडा नाही, हे प्रत्येक श्रोता जाणून असतो. परंतु ही प्रतिमा रूढ झाली तेव्हा तिच्यासोबत एक गृहीतकही रूढ झाले. मुलाच्या बोलण्याचे मोल त्यातील अर्थात नसून ऐकणाऱ्याच्या वात्सल्यात आहे, असे आपण मानू लागलो. भक्तिकाव्यात हे गृहीतक शोभते, कारण तेथे ऐकणारा परमेश्वर असतो किंवा संतसभा असते. तेच गृहीतक गद्यात, नित्याच्या कौटुंबिक जीवनात उतरते तेव्हा मुलाच्या वाट्याला केवळ गोडपणा उरतो.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये याहून वेगळे काही घडते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला सांगतो. हट्ट हास्यास्पद आहे, पण त्यामागील तर्क बिनतोड आहे. पाय आत्ताच स्वच्छ झाले आहेत, ते मळले तर न्हाण्याला अर्थ काय? आई पदर पसरते, आणि मग पायांप्रमाणे मनालाही घाण लागू नये म्हणून जपायला सांगते. आई येथे हसत नाही. ती मुलाचे म्हणणे खरे मानते आणि त्याच तर्काचे एक पाऊल पुढे टाकते. या प्रसंगाचा संस्कारकथा म्हणून इतका वापर झाला आहे की त्यातील संवादाचे कौशल्य झाकले गेले. तथापि एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. रात्रीमागून रात्री ही कथा सांगणारा श्याम प्रौढ आहे. आठवणीतील मुलाने काय बोलावे, हे बोधाला काय हवे यावर ठरते. पाय मळण्याची खरीखुरी धास्ती बाळगणारा मुलगा बोध उच्चारला जाताच दृष्टीआड होतो.

भाषेच्या अंगाने पाहिले तर आपली अडचण आणखी खोल जाते. अशोक रा. केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतील बालबोलीवर एक निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली, त्या सहांत मराठीही होती. मंमं, दुदू, भुर्र, हम्मा, काऊ, चिऊ, जोजो ही जी शब्दसंपदा आपण मुलाची समजतो, ती वस्तुतः मोठ्यांची मुलांशी बोलण्याची भाषा आहे. ती परंपरेने चालत येते, तिला नियम आहेत आणि आजी ती आईला शिकविते. मूल ती आपल्याकडून उचलते व आपल्यालाच परत करते. मराठी कथा-कादंबऱ्यांत दोन-तीन वर्षांच्या पात्राच्या तोंडी 'र'चा 'ल' आणि 'स'चा 'छ' करून जे संवाद घातले जातात, ते याच भाषेचे नमुने होत. बोलणारे पात्र मूल असले तरी आवाज मावशीचा असतो.

मुलाची स्वतःची भाषा अन्यत्र शोधावी लागते, आणि तिथे बोबडेपणा फारसा कामाचा नाही. रशियन कवी कोर्नेय चुकोव्स्की यांनी मुलांची शेकडो वाक्ये टिपली. १९२८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ पुढे 'दोन ते पाच' या नावाने जगभर गेला. या वयातील मूल चुकते तेव्हाही नियमाने चुकते, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा. मराठीत त्याचे प्रमाण दूर शोधायला नको. 'धर'चे 'धरलं', 'भर'चे 'भरलं', मग 'कर'चे 'करलं' आणि 'मर'चे 'मरला' का नाही? 'मी करलं' असे म्हणणाऱ्या मुलाने ते कोणाकडूनही ऐकलेले नसते. ज्याने कोणी न उच्चारलेले रूप घडविले, त्याने व्याकरण आत्मसात केले आहे. 'केलं' आणि 'मेला' ही रूपे केवळ पाठ करावी लागतात. घरातील हशा मात्र पाठांतराच्या बाजूने असतो, आणि हा खरोखरच विचित्र न्याय म्हटला पाहिजे.

१९३५ या एकाच वर्षी 'श्यामची आई' आणि आर. के. नारायण यांची इंग्रजी कादंबरी 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही दोन्ही पुस्तके वाचकांसमोर आली. नारायण यांनी या लेखनाचा आरंभ १९३० च्या सुमारास बंगळूरमध्ये आजीच्या घरी, तिनेच निवडलेल्या शुभदिवशी केला. तिच्यातील स्वामी आपल्या आजीपुढे राजम नावाच्या मित्राची, त्याच्या पोलीस अधिकारी असलेल्या वडिलांची बढाई मारतो. आजी उत्तरादाखल स्वामीच्या आजोबांचा दरारा वर्णू लागते. दोघेही बोलतात, कोणीच ऐकत नाही, आणि तरीही माया उणी पडत नाही. नारायण बोध करीत नाहीत, गोडवाही घालीत नाहीत. पण त्यांचा निवेदक स्वामीपासून दोन पावले दूर, किंचित हसत उभा असतो. शिवाय स्वामी घरात ज्या भाषेत बोलत असेल ती भाषा पुस्तकात नाहीच. इंग्रजीच्या स्वच्छ पारदर्शक पडद्याआडून आपण त्याला पाहतो.

तो पडदा दूर केला तर त्याच बंगळुरात काय ऐकू येईल? १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. तेव्हापासून येथे मराठी बोलणारी घराणी आहेत, आणि नोकरीधंद्यानिमित्त नंतर आलेल्यांची संख्या मोठी आहे. अशा घरात मूल दारापाशी कन्नड ऐकते, शाळेत बहुधा इंग्रजी आणि स्वयंपाकघरात मराठी. कन्नडमध्ये माणसे सोडली तर बाकी सारे नपुंसकलिंगी. मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी का आणि पंखा पुल्लिंगी का, याला कारण देता येत नाही. म्हणून 'खुर्ची मोडलं' म्हणणारे मूल अधिक सुसंगत भाषेचा नियम कमी सुसंगत भाषेला लावीत असते. 'चहा-बिहा'ऐवजी 'चहा-गिहा' म्हणणारेही तेच करते, कारण कन्नडची नादानुकारी जोडी 'गि'ने बनते. 'ताई' ही मराठीत थोरली बहीण आणि कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई. शेजारीण आपल्या आईचा उल्लेख तसा करीत असेल, तर मुलाने तिला 'तुझी बहीण एवढी म्हातारी कशी' असे विचारणे अगदी न्याय्य ठरेल.

यांतील सर्वांत सूक्ष्म चूक सर्वनामाची आहे. मराठीत 'आपण' म्हणताना ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही' म्हणताना तो वगळलेला असतो. कन्नडच्या 'नावु'मध्ये हा भेद नाही. आता मूल आईला म्हणते, 'आम्ही फिरायला जाऊ या.' त्याच्या मनात आई सोबत आहेच. व्याकरणाने मात्र तिला घरी ठेवलेले आहे. आई हसेल, कदाचित क्षणभर तिला काही बोचेलही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना पिढ्यानुपिढ्यांच्या शेजारामुळे कशी एकमेकींजवळ आली, याचे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले विवेचन भाषाभ्यासकांना परिचित आहे. गावाने शतकांत केले ते मूल एका संध्याकाळी करते. फरक इतकाच की गावाला हसणारे कोणी नव्हते. बंगळुरातल्या मुलाची मराठी जवळजवळ संपूर्णपणे घरच्यांशीच बोलली जाते. तिथे दोन-चारदा हशा झाला तर इंग्रजीत उत्तर देण्याची सोपी वाट त्याच्यापुढे सदैव मोकळी असते.

या सरहद्दीवरच्या मुलाला मराठी कथेत स्वतःचा आवाज मिळाला तो प्रकाश नारायण संत यांच्याकडून. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' आणि 'झुंबर' या चार संग्रहांतून लंपन बोलतो. गाव बेळगावच्या वळणाचे आहे, कन्नड माणसे आणि कन्नड नावे सहज वावरतात. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा कोणाला हसविण्यासाठी बोलत नाही. 'म्याड' हा त्याचा आवडता शब्द आश्चर्यालाही चालतो, दुःखालाही आणि सुमीविषयी वाटणाऱ्या त्या अनाम भावनेलाही. शब्द कमी पडतो म्हणून एकाच शब्दावर इतका भार पडतो. हा भार वाचकाला जाणवतो आणि हसता हसता तो थबकतो. येथे निवेदक व मूल यांच्यामध्ये अंतर ठेवलेले नाही. गंमत नाहीशी होत नाही, परंतु ती लंपनच्या पाठीमागे न होता त्याच्यासमोर होते.

संतांच्या कथांवर स्मरणरंजनाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. 'झुंबर'पर्यंत येता येता लंपनची संवेदना कधी कधी प्रौढ कवीची वाटू लागते. इंदिरा संतांच्या या मुलाला निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी घरातूनच मिळाली असावी. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने खरी मर्यादा वयाची आहे. लंपन शाळेत रुळलेला मुलगा आहे; दोन ते पाच या वयाचा, 'करलं' म्हणणारा निवेदक तो नव्हे, आणि तसा निवेदक लेखी गद्यात पेलणे बहुधा अशक्यही असेल. ते वय पात्र म्हणूनच येऊ शकते. तेव्हा कसोटी लागते ती त्याला उत्तर देणाऱ्या प्रौढ पात्राची, त्याच्या उच्चारांची नव्हे.

संत २००३ मध्ये निवर्तले. २०२४ साली या कथांवरील 'लंपन' ही मालिका आली आणि पुस्तके न वाचलेल्या पिढीच्या कानांवरही ते 'म्याड' पडले. पदर पसरणाऱ्या आईसारखे, मुलाचा तर्क आधी मान्य करून मग बोलणारे माणूस मात्र नंतरच्या मराठी कथेत फार थोड्या ठिकाणी भेटते. आणि फिरायला निघालेल्या त्या 'आम्ही'त आपण आहोत की नाही, हे मुलालाच विचारून पाहणारी आई अजून कुठल्या पानावर दिसलेली नाही.