छायाचित्रातला कोळी आणि भिंतीवरचा कोळी

उड्या मारणाऱ्या कोळ्यांची छायाचित्रे आता सगळीकडे पाहायला मिळतात. प्रदर्शनांत, दिनदर्शिकांवर, मुलांसाठीच्या रंगीत पुस्तकांत आणि हातातल्या फोनवरही. पुढचे दोन टपोरे डोळे, त्यांत चमकणारा प्रकाशाचा ठिपका, तोंडाभोवती केसांची झालर आणि मागे सारे धूसर हिरवे. चित्र सुंदर असते यात वाद नाही. पण शिकवण्याचे साधन म्हणून ते वर्गात न्यायचे असेल, तर सौंदर्यापलीकडचे काही प्रश्न विचारायला हवेत.

त्यांतला पहिला प्रश्न मला एका मुलीने शिकवला. जव्हार-मोखाड्याकडच्या एका शाळेत मी अशी काही छायाचित्रे दाखवत होतो. पाऊस नुकताच उघडला होता, बाहेर भाताची खाचरे भरलेली होती. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा खेकड्याएवढा असतो का?" खाचरात खेकडे धरणाऱ्या मुलीला पडद्यावरचा प्राणी तेवढा वाटणे साहजिकच होते. गंमत अशी, की त्याच वेळी वर्गाच्या खिडकीच्या चौकटीवर एक करडा कोळी माशीवर टपून बसला होता. चित्रातला प्राणी आणि हा, दोघे एकाच कुळातले, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. ज्या मुलांना हा कोळी रोज दिसतो, त्यांच्यापासूनच चित्राने त्याला दूर नेले होते.

म्हणून माझा पहिला आक्षेप मापाबद्दल आहे. यांतले बहुतेक कोळी पाच ते पंधरा मिलिमीटर लांबीचे असतात. चित्राखाली लांबी दिलेली नसेल, तर ते चित्र प्राण्याविषयी चुकीची कल्पना रुजवते.

दुसरा आक्षेप वेळेबद्दल. मॅक्रो छायाचित्रणात वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी किंवा त्याहून मोठी टिपली जाते, तेव्हा स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक मिलिमीटर राहते. डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात. यावर उपाय म्हणून थोड्या थोड्या अंतरावर अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर जोडतात. शरीररचना पाहायला हे तंत्र फार उपयोगी आहे. पण त्यासाठी कोळी स्थिर हवा, म्हणून काही हौशी मंडळी त्याला थोडा वेळ शीतकपाटात ठेवतात. थंडीने सुस्तावलेल्या प्राण्याचे चित्र त्याचे वर्तन म्हणून दाखवले, तर ती फसवणूक ठरते. मेलेला कोळी ओळखणे त्यामानाने सोपे. कोळ्याचे पाय मुख्यतः शरीरातील द्रवाच्या दाबाने ताठ होतात. दाब गेला की ते पोटाशी दुमडतात.

तिसरा आक्षेप नावाबद्दल. या कुळात जगभरात साडेसहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०२१ साली ठाणे परिसरातून आयसियस तुकारामी या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हुतात्मा झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते नाव दिलेले आहे. पण अशी जात ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासून, नुसत्या चेहऱ्यावरून नव्हे. जव्हार आणि मोखाडा हे तालुके २०१४ पर्यंत त्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हा इथल्या भिंतीवरच्या कोळ्याला चित्र पाहून घाईने नाव देण्यापेक्षा 'उड्या मारणारा कोळी, जात ठरलेली नाही' असे लिहिणे अधिक शास्त्रीय होय.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात हा कोळी आपल्याकडेच का बघत असतो? छायाचित्रकाराने तसा कोन साधला, हे उत्तर अर्धेच आहे. कोळ्याला आठ डोळे असतात. बाजूच्या डोळ्यांना हालचाल जाणवते. ती जाणवताच तो सबंध शरीर वळवून पुढचे दोन मोठे डोळे तिकडे रोखतो. म्हणजे कॅमेरा हलला, कोळी वळला आणि छायाचित्र निघाले! आपण ज्याला चेहरा म्हणतो, ती खरे तर त्याच्या वर्तनाची नोंद आहे. खाली मात्र 'गोंडस पाहुणा' असे काहीतरी लिहिलेले असते आणि हातात आलेले निरीक्षण वाया जाते.

हीच साधने धीराने वापरली तर काय हाती लागते, याची दोन उदाहरणे देतो. हॅसॅरियस अ‍ॅडॅन्सोनी हा आपल्याकडच्या घरांतही आढळणारा कोळी. त्याच्या मोठ्या डोळ्यातील पडदा एकामागे एक अशा चार थरांचा असतो आणि त्यांतल्या एका थरावर हिरव्या प्रकाशातली प्रतिमा नेहमी धूसरच पडते. जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले, की ही प्रतिमा किती धूसर आहे यावरून तो भक्ष्याचे अंतर ओळखतो. हिरव्या उजेडात त्याची उडी अचूक पडली, तांबड्या उजेडात ती आखूड पडली. छायाचित्रकार जी धूसरता घालवण्यासाठी धडपडतो, तीच कोळ्याची मोजपट्टी आहे!

दुसरे उदाहरण २०२२ चे. रात्री धाग्याला लटकून विसावलेल्या पिल्लांचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते. त्यांचे अवरक्त प्रकाशात जवळून चित्रण केले, तेव्हा डोळ्यांचे पडदे ठराविक काळाने हलताना आणि पाय झटके देताना दिसले. आपल्या स्वप्नावस्थेतील झोपेसारखी काही अवस्था कोळ्यांतही असावी, असा विचार त्यातून पुढे आला. इथेही भिंगच वापरले होते. मात्र त्यातून रात्रभर पाहिले गेले.

मग शिक्षकांनी छायाचित्रे वापरूच नयेत का? जरूर वापरावीत, पण भिंतीवरचा कोळी पाहून झाल्यावर. तो न पकडता त्याच्याजवळ पट्टी धरून अंदाजे लांबी नोंदवावी. पेन्सिल हळूहळू बाजूला न्यावी आणि तो किती वेळा वळतो ते मोजावे. समोर लहानसा आरसा ठेवून पाहावा. अनेक जातींचे नर प्रतिबिंबाला दुसरा नर समजून पुढचे पाय उंचावतात. उडी मारण्यापूर्वी तो धागा चिकटवतो का, हेही पाहावे. एवढे झाल्यावर छायाचित्र दाखवले, तर मुले त्यात चेहरा पाहणार नाहीत, ओळखीच्या प्राण्याचे अवयव शोधतील.

आणि मुलांनी स्वतः फोनवर चित्र काढलेच, तर ते जरासे धूसर असले तरी चालेल. खाली मात्र असे काही लिहिलेले असावे: 'मोखाडा तालुका, शाळेची भिंत, सकाळी साडेदहा. लांबी सुमारे आठ मिलिमीटर. माशी बसताच वळला, तीनदा थांबत पुढे सरकला, उडी चुकली.'