संभाजीराजांचे चरित्र आणि इतिहासकाराचे काम

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा होता. जानेवारी २०१७ मध्ये एका रात्री तो उखडून नदीत टाकण्यात आला. ‘राजसंन्यास’ या नाटकात गडकऱ्यांनी संभाजीराजांची बदनामी केली, असे कारण सांगण्यात आले. गडकरी १९१९ मध्येच वारले होते आणि ते नाटक अपुरे राहिले होते. विलासात कर्तव्य विसरलेला आणि फार उशिरा जागा झालेला राजा त्यात आहे. हा राजा गडकऱ्यांना कुठे भेटला, हा खरा प्रश्न होता. पुतळा काढून त्याचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर इतिहासकारांनी कित्येक दशके आधीच शोधून ठेवले होते, आणि त्याची आठवण त्या गदारोळात फार थोड्यांना झाली.

गडकऱ्यांच्या काळी संभाजीराजांची जी प्रतिमा रूढ होती, तिचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर हा होता. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली. संभाजीराजांची हत्या मार्च १६८९ मधली. म्हणजे मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली होती. साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात बखरींचा उपयोग केला. इंग्रजी ग्रंथात छापले गेल्यामुळे त्या मजकुराला अधिकृतपणा आला. तोच पुढे पाठ्यपुस्तकांत, नाटकांत आणि कादंबऱ्यांत उतरला. गडकऱ्यांनी नवे काही रचले नाही. त्यांच्या काळच्या सुशिक्षित माणसाला जे ठाऊक होते, त्यावरच त्यांनी नाटक उभे केले.

इतिहासकार बखर हातात घेतो तेव्हा तीन साधे प्रश्न विचारतो. ती कोणी लिहिली? केव्हा लिहिली? लिहिणाऱ्याला हे कळले कसे? मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातले. संभाजीराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून बाळाजींना देहान्त शासन दिले. एवढे समजले की वाचक लगेच म्हणेल, ही तर घराण्याची दुश्मनी! पण चांगला संशोधक इथे थांबत नाही. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे याच राजाच्या आणि नंतर राजारामांच्या सेवेत निष्ठेने राहिला. शिवाय लेखकाला राग असला म्हणून त्याचे प्रत्येक विधान खोटे ठरत नाही. हेतू दिसला की संशय घ्यावा, निकाल मात्र पुराव्यावर द्यावा.

असा पुरावा जमवण्याचे काम वा. सी. बेंद्रे यांनी केले. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १९६० मध्ये त्यांचे संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. बखरीबाहेरचे समकालीन कागद या अभ्यासात पुढे आले. जेधे शकावलीतील तारीखवार नोंदी, इंग्रज वखारींची पत्रे, मोगल बाजूची फारसी साधने आणि पोर्तुगीज दप्तर यांत होते.

सोयराबाईंचे प्रकरण पाहावे. रायगड हाती येताच संभाजीराजांनी त्यांना भिंतीत चिणून मारले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. रायगड त्यांच्या ताब्यात आला १६८० च्या जूनमध्ये. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधले संभाजीराजांचे एक संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात सोयराबाईंचा उल्लेख निर्मळ मनाची म्हणून आदराने येतो आणि दोष कान भरणाऱ्या कारभाऱ्यांकडे जातो. सोयराबाईंचा मृत्यू झाला ऑक्टोबर १६८१ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक काळाने. तो कसा झाला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण रूढ कथा मात्र दोन तारखा शेजारी ठेवताच कोसळते. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. कागद वाचता यावा लागतो.

शत्रूची साक्ष अधिक मोलाची असते, कारण स्तुती करण्यात त्याचा काही फायदा नसतो. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरईने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजीराजे चालून येताच त्याला माघार घ्यावी लागली. पाठोपाठ मराठ्यांनी गोव्याच्या उंबरठ्यावरचे जुवे बेट घेतले. ते सोडवायला विजरई स्वतः गेला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. संकट इतके वाटले की त्याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. गोव्याच्या दप्तरातील अशी साधने पांडुरंग पिसुर्लेकरांनी अभ्यासकांपुढे आणली. रात्रंदिवस व्यसनात बुडालेल्या राजाचे हे वर्णन नव्हे.

मात्र याच पद्धतीची दुसरी बाजूही मानावी लागते. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे वडिलांना सोडून दिलेरखानाकडे गेले. भूपाळगडावरच्या मोगल हल्ल्याच्या वेळी ते त्या छावणीत होते. वर्षभरात ते परतले. त्यामागे काय होते, याचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात. पण घटना पुसता येत नाही, आणि बेंद्रे किंवा गोखले यांनीही ती पुसलेली नाही. ज्या कसोटीने बखरीतली निंदा गळून पडली, त्याच कसोटीला आजचे गौरवग्रंथ, चित्रपट आणि मोबाइलवर फिरणारे मजकूर यांनाही उतरावे लागेल. निंदेला पुरावा मागायचा आणि स्तुतीला मागायचा नाही, हा इतिहासाचा अभ्यास नव्हे.

समाजाला इतिहासकार हवा तो याचसाठी. अभिमान पुरवणारे लोक आपल्याकडे कधीच कमी नव्हते. आपले मत चुकले होते हे कशावरून ठरवायचे आणि ते कसे बदलायचे, हे शिकवणारे मात्र थोडेच. संभाजीराजांविषयी मराठी माणसाने दीडशे वर्षांचे मत बदलले, ते अभ्यासाने. हा आपल्या ज्ञानव्यवहाराचा फार मोठा विजय होता. २०१७ च्या त्या रात्री त्यांच्याच नावाने तो विसरला गेला.

त्या रात्री दुसराही मार्ग मोकळा होता. त्याच उद्यानात पुतळ्याशेजारी एक फलक लावता आला असता: नाटक केव्हाचे, त्याचा आधार कोणता, पुढच्या संशोधनाने काय सिद्ध केले. त्यातून गडकऱ्यांनाही न्याय मिळाला असता आणि राजांनाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. ते वाचू शकणारी माणसे मात्र विरळ होत चालली आहेत. राजांच्या नावाने उद्याने, चौक आणि पुतळे उभारताना त्यातला थोडा पैसा मोडी शिकणाऱ्या मुलांच्या विद्यावेतनाकडे वळवता आला, तर पुढचा बेंद्रे त्यांच्यातूनच निघेल.