पांढऱ्यावर पांढरं

पांढरी गाडी घेणारा माणूस सोय पाहतो, असा आपल्याकडे समज आहे. ऊन कमी तापतं, धूळ लपते, विकताना गिऱ्हाईक लवकर मिळतं. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाडीचा ‘एव्हरेस्ट व्हाइट सॅटिन’ हा रंग पाहिला की हा समज बाजूला ठेवावा लागतो. हा पांढरा सोयीचा नाही. तो जपायला अवघड, बिघडला तर सुधारायला त्याहून अवघड, आणि तरीही मन लावून पाहावा असा आहे. चाकणला तयार होणारी ही गाडी मी लखनौच्या ‘चौक’ या बाजारात पाहिली. ती तिथेच पाहावी असं मी म्हणेन, कारण पांढऱ्यावरचं पांढरं पारखण्याची सवय त्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा या पट्ट्यात चिकनच्या भरतकामाची दुकानं आहेत. आज चिकन हव्या त्या रंगात मिळतं, पण जुन्या पसंतीचं चिकन म्हणजे पांढऱ्या तलम कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं काम. तिथे रंगाचा आधार नसतो, सगळं उजेडावर चालतं. बखियात टाका कापडाच्या मागून भरतात आणि पुढून त्याची फक्त सावली उमटते. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा वर उठतो. जाळीत धागा तोडत नाहीत, नुसता बाजूला सारून छिद्र मोकळं करतात. जाणता माणूस असं कापड समोरून पाहून ठरवत नाही, उजेडाकडे तिरकं धरतो.

ही गाडीही तिरक्या उजेडातच उलगडते. भर दुपारी ती नुसती पांढरी दिसते. उन्हं कलली की छताची मागे उतरत गेलेली रेषा, बॉनेटवरच्या घड्या, मागच्या चाकावर पत्र्याने घेतलेला उठाव, हे सगळं करड्या छटांमधून वर येतं. याच मॉडेलचा चकचकीत रंग शेजारी असता, तर त्यात चौकातल्या तारांचं जाळं, पाट्या, दुकानांचे दिवे उमटले असते आणि डोळा प्रतिबिंबातच अडकला असता. सॅटिन भोवतालचं काही अंगावर घेत नाही, त्यामुळे आकार शिल्पासारखा दिसतो. ४७८९ मिलिमीटर लांबीची ही गाडी चकचकीत रंगात जेवढी भारी वाटते, तेवढी सॅटिनमध्ये वाटत नाही.

हे कसं घडतं ते कळलं की आस्वाद वाढतो. उघड्या पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर चढतो. मग सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर बसवतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दुपटीच्या आत-बाहेर. पांढरेपणा येतो बेस कोटमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांमुळे. ते प्रकाश गिळत नाहीत, सगळीकडे उधळतात. सॅटिनची करामत त्याच्या वर, क्लिअर कोटमध्ये आहे. त्यात सिलिकासारखे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात आणि त्यांनी पृष्ठभाग डोळ्याला न दिसेल इतका खडबडीत होतो. उजेड आरशासारखा एका दिशेने न परतता विखुरतो, आणि तीच ती मऊ झळाळी.

या सौंदर्याची सगळी जोखीमही त्याच खडबडीतपणात आहे. चकचकीत क्लिअर कोटवर ओरखडा आला तर पॉलिश करून एक-दोन मायक्रॉन घासून काढता येतात आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. सॅटिनमध्ये घासणं म्हणजे तो सूक्ष्म खडबडीतपणाच पुसून टाकणं. तेवढा भाग कायमचा चकाकतो आणि मग अख्खं दार किंवा अख्खं बॉनेट पुन्हा रंगवल्याशिवाय इलाज राहत नाही. या रंगाला दुसरी संधी नाही, म्हणून त्याची राखण ताबा घेण्याच्या आधीच सुरू व्हायला हवी.

विक्रेत्याला आधीच लेखी कळवावं: गाडी धुऊन पुसून चमकवू नका, वॅक्स लावू नका, वाहतुकीचं प्लास्टिक आम्हीच काढू. प्रेमाने मारलेला कोरड्या फडक्याचा हातही इथे नडतो. गाडी शोरूमच्या दिव्यांखाली न पाहता आधी दिवसाउजेडी पाहावी, मग टॉर्च तिरका धरून एकेक भाग तपासावा. चकचकीत रंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे शोधतात, इथे शोधायचा तो एखादा चकाकणारा ठिपका. बंपर प्लास्टिकचा, दार पत्र्याचं. दोन्हीकडचा पांढरा जुळतो का, तेही पाहावं. पूजा करावी, जरूर करावी. स्वस्तिक मात्र बॉनेटवर न काढता काचेवर काढावं, कारण कुंकू आणि हळद त्या सूक्ष्म खळग्यांत बसली की निघत नाही. फूलवाल्या गल्लीतून हार आणावा, पण तो तारेत नव्हे, दोऱ्यात ओवलेला असावा.

चौकाची परीक्षा नंतर सुरू होते. ही गाडी १९०७ मिलिमीटर रुंद आहे. चौकाच्या आतल्या गल्ल्यांत ती नेऊच नये, आणि मोठ्या रस्त्यावरही ई-रिक्षा दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. म्हणून रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचा खर्च इथे सार्थ आहे. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ही फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे संपूर्ण रंगापेक्षा जाड असते. बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने तिच्यात आपोआप भरून येतात. फिल्म मॅट जातीचीच घ्यावी, चकचकीत फिल्म लावली तर सॅटिनचा प्राणच जाईल. सगळ्या गाडीला परवडत नसेल तर बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे, दारांच्या कडा, मुठींभोवतीचा भाग आणि उंबरे एवढं तरी झाकावं. विजेच्या गाडीत आणखी एक जागा असते: चार्जिंगच्या झाकणाभोवतीचा पत्रा. तिथे रोज गन टेकते आणि जड केबल घासते.

सिरॅमिक कोटिंगचं काम वेगळं आहे. ते खडा किंवा रिक्षाचं हँडल अडवत नाही. पाणी आणि मळ टिकू देत नाही, एवढंच, पण तेही मोलाचं. लखनौच्या जुन्या वस्तीत कबुतरं पाळण्याचा शौक आहे आणि पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या क्लिअर कोटमध्ये ती काही तासांतच खोल जाते. पानाच्या पिंकेचा डागही लगेच काढावा. ओलं कापड डागावर काही मिनिटं ठेवावं, मग अलगद उचलावं, चोळू नये. धुताना दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक कापड खळबळायची. शाम्पू उदासीन, सावलीत धुणं, आणि मायक्रोफायबर नुसता टेकवून पाणी टिपणं. बोअरचं जड पाणी अंगावर वाळलं तर क्षारांचे ठिपके राहतात, आणि सॅटिनवर तेही घासून काढता येत नाहीत. फिरत्या ब्रशच्या यंत्राखाली ही गाडी कधीच नेऊ नये.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मन राजी नाही. चाकांभोवती आणि दारांच्या खाली आरशासारखं चकचकीत काळं प्लास्टिक आहे. पांढऱ्या सॅटिनची सगळी शांतता ते मोडतं, पहिल्याच धुण्यात ओरखडे दाखवतं आणि त्याला वेगळी निगा लागते. तिथे मंद काळा रंग असता, तर पांढऱ्याला खरी किनार मिळाली असती. त्याउलट खासगी विजेच्या गाडीची हिरवी पाटी, तिच्यावरच्या पांढऱ्या अक्षरांसह, या रंगावर फार शोभते. कायद्याने लाभलेला एवढाच रंग, आणि तो नेमका.

चिकनचं कापड टाके भरून झाले की धुतात, तेव्हा आधी ठशाने छापलेली निळी नक्षी निघून जाते आणि केवळ काम उरतं. ते धुणंही कसबाचंच मानलं जातं. चौकात ही गाडी पाहताना मला पटलं ते हेच: काही सुंदर वस्तूंमध्ये निगा हा कलाकृतीचाच भाग असतो. ज्याला दर आठवड्याला गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवायची आहे, त्याने चकचकीत पांढरा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. सॅटिन त्यानेच घ्यावा, ज्याला स्वतःच्या हाताने, सावकाश, न चोळता धुण्यात आनंद आहे.