मावळलेली प्रभा व तिचा जीर्णोद्धार

नेरूळ येथें १९९३ पासून असलेल्या ‘चाणक्य’ नौशिक्षणसंस्थेची परंपरा १९२७ च्या ‘डफरिन’ जहाजापर्यंत पोंचते. त्या काळच्या कित्येक होकायंत्रांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. ती प्रभा मावळली म्हणून संग्राहक नवा रंग चढवितात. हें आम्हांस मान्य नाहीं. रेडियम संपलेलें नाहीं. त्याचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें आहे. त्याच्याच माऱ्यानें निकामी झालें तें झिंक सल्फाइड. जुना रंग खरवडल्यास किरणोत्सर्गी धूळ उडते, आणि मूळ कारागिराचा हातहि पुसला जातो. फिकट पोथीवर नवी शाई फिरविणारा पाठ राखीत नाहीं, बुडवितो. म्हणून तबकडी न उघडतां हवेशीर जागीं ठेवावी व तिची स्थिति नोंदवावी. न चमकणें हाहि पुरावाच होय.