'आदत' : एका गाण्याच्या दोन वाटा

आपल्या महाड-पोलादपूरकडे गाणे म्हटले की जाणत्या मंडळींना गझल आणि कव्वालीच आठवते. गिटार घेऊन गाणारी पोरे त्यांना गोंगाट वाटतात. लाहोरच्या 'जल' या बँडचे 'आदत' ऐकल्यावर हे मत थोडे बदलावे लागते.

गोहर मुमताज आणि आतिफ अस्लम यांच्या या बँडचे हे गाणे २००३ च्या अखेरीस इंटरनेटवरून पसरले. तेव्हा बँडच्या नावावर एकही अल्बम नव्हता. सुरुवातीला गिटार आणि दबलेला आवाज. मग ड्रम्स येतात, आवाज वर चढतो आणि चढता चढता किंचित फाटतो. उस्तादांच्या लेखी हा दोष. पण या गाण्यात दुःख त्याच फाटलेपणातून कळते. विषय जुनाच आहे, गझलेतला हिज्र. फरक इतकाच की इथला आशिक वफा-जफाचा हिशेब मांडत बसत नाही. दूर गेलेल्या माणसाची सवय सुटत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. ज्या घरांतला कर्ता माणूस वर्षानुवर्षे आखातात असतो, त्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

गाणे गाजले आणि बँड फुटला. गाणे कुणाचे, यावर वाद झाला. २००४ मध्ये आतिफचा 'जलपरी' आला आणि 'जल'चा 'आदत'ही आला. दोन्हींत हे गाणे होते. 'जल'साठी गायलेल्या फरहान सईदचा आवाज गोड आणि नितळ आहे. पण त्या नितळपणात मूळची जखम झाकली जाते. २००५ मध्ये मोहित सुरी यांच्या 'कलयुग' या हिंदी चित्रपटात ते आतिफच्याच आवाजात आले आणि आपल्या भागातल्या पोरांच्या तोंडी बसले.

'जल'ने पुढे 'बूँद' (२००७) आणि 'प्यास' (२०१३) हे अल्बम काढले. त्यांत चाली गोड आहेत, उदासीही आहे. पण ती ठरवून आणल्यासारखी वाटते. पहिल्याच गाण्याने बँडला ओळख दिली आणि त्या ओळखीतच तो अडकला. आतिफ एकटा मोठा गायक झाला, तरी पुढच्या सफाईदार फिल्मी गाण्यांत तो कच्चा, फाटका सूर क्वचितच सापडतो.

२०१६ मध्ये मुंबईच्या निर्मात्यांच्या संघटनेने पाकिस्तानी कलावंतांवर बंदीचा ठराव केला. दोन मुलकांतल्या या ताटातुटीनंतरही हे गाणे इकडे ऐकले जाते. आपल्या जाणत्यांनी एकदा ते शांतपणे ऐकावे. हिज्र त्यांच्या ओळखीचाच आहे, फक्त साज नवा आहे.