मानधनातला ‘मान’ कुणाचा, ‘धन’ कुणाचं?

परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. दोन हजार शब्दांचा लेख हवा होता, तोही आठवड्याभरात. विषय माझ्या संशोधनातलाच, त्यामुळे मी लगेच हो म्हणाले. शेवटी जरा चाचरतच विचारलं, “सर, मानधनाचं काय?” पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, “अहो, आपला अंक हौसेचा आहे. पण वाचक चोखंदळ आहे हं आपला.”

फोन ठेवल्यावर मला बूर्द्यू आठवला. पीएचडी करणाऱ्या माणसाचं असंच होतं, त्याला इलाज नाही.

पिएर बूर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. त्याचं साहित्यक्षेत्रावरचं मोठं पुस्तक १९९२ साली फ्रेंचमध्ये आलं. मराठीत त्याचं नाव चर्चासत्रांत बरंच घेतलं जातं, त्यामुळे तो नेमकं काय म्हणतो ते आधी सोप्या भाषेत सांगते. बाजारात ज्याला जास्त पैसे मिळतात तो जिंकला असं आपण समजतो. साहित्यात हा हिशेब उलटा चालतो. जो पैशासाठी लिहितो त्याच्याकडे ‘धंदेवाईक’ म्हणून बघितलं जातं आणि जो पैशाकडे पाठ फिरवतो त्याला प्रतिष्ठा मिळते. ही प्रतिष्ठाही एक भांडवलच असतं. पुढेमागे त्यातून पुरस्कार, पदं, अभ्यासक्रमात जागा असं काहीबाही हाती लागतं. म्हणजे निरिच्छपणाचाही एक व्यवहार असतो, फक्त तो व्यवहार आहे असं कुणी म्हणायचं नसतं.

आमच्या संपादकांचा ‘हौस’ हा शब्द यात चपखल बसतो. पण मराठी दिवाळी अंकांसाठी हा सिद्धांत वापरायला गेलं की दोन ठिकाणी अडतं, आणि तेच मला आज मांडायचंय.

पहिली अडचण. निरिच्छपणा सगळ्यांनी पाळायचा असेल तर तो सगळ्यांना लागू हवा ना? १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या प्रकाराला जाहिरातींचा आधार राहिला आहे. अंक उघडा. मलपृष्ठावर सोनाराची किंवा बँकेची जाहिरात असते. कागदवाला पैसे घेतो. छापखाना घेतो. डीटीपी करणारा पानाच्या हिशेबाने घेतो, विक्रेता कमिशन कापून घेतो. यातल्या कुणालाही “वाचक चोखंदळ आहे” असं सांगून भागवता येत नाही. उलटं अर्थकारण फक्त लेखकापुरतं, बाकी सगळं सुलटंच. बूर्द्यू साहित्यक्षेत्राचा एकूण कल सांगतो. पण एकाच अंकात कोण पैशाचं बोलू शकतं आणि कोणी ते बोलायचं नसतं, ही विभागणी त्या चौकटीत नीट दिसत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पैशाकडे पाठ फिरवायला आधी गाठीशी पैसा लागतो, हे बूर्द्यूला पक्कं माहीत होतं. त्याचा लाडका लेखक फ्लोबेर हा सर्जनचा मुलगा होता, घरचं उत्पन्न होतं. मराठीत वारशाची ही जागा बऱ्याच अंशी नोकरीने घेतली. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. नारायण सुर्वे गिरणीत होते, मग शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक झाले. प्राध्यापक, बँकवाले, सरकारी कर्मचारी, सगळ्यांनी रात्री नि रविवारी लिहिलं. पगार दुसरीकडून येत होता म्हणून मासिकाचं तुटपुंजं मानधन खपून गेलं. थोडक्यात, मराठी साहित्याला अनुदान दिलं ते लेखकांच्या पगाराने, आणि हे अनुदान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

आणि ज्यांच्यामागे असा पगार नव्हता? अण्णा भाऊ साठे. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, रशियाचा प्रवास झाला. प्रतिष्ठा भरपूर होती. पण आयुष्याची अनेक वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत गेली आणि १९६९ साली ते गेले तेही हलाखीतच. प्रतिष्ठेचं भांडवल पुढेमागे पैशात वटतं, हे गणित इथे जुळलं नाही. ते वटवायला जात, ओळखी, पदव्या यांची जी खिडकी लागते ती सगळ्यांसाठी सारखी उघडत नाही.

म्हणून फुकट लिहायला लावणं म्हणजे नुसता कंजूषपणा नाही. ती एक चाळणी आहे. ज्याला परवडतं तोच टिकतो. आणि आज ही चाळणी आणखी बारीक होतेय, कारण कायम नोकऱ्याच आटल्यात. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले लिहिणारे तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. त्यांनी दिवाळी अंकासाठी घालवलेला आठवडा हा खरोखर खिशातून गेलेला आठवडा असतो.

आता दुसरी बाजूही बघू. छोट्या अंकाचा संपादक बऱ्याचदा स्वतःच पदरमोड करतो. जाहिराती घटल्यात, वाचक अंक वाचनालयातून आणतो. सगळं खरं. पण मग निदान व्यवहार स्पष्ट तरी असावा. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी हवेत, आणि कुठले हक्क, किती काळासाठी, किती मोबदल्यात हे त्यात लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात. चित्रपटातल्या गीतकारांसाठी २०१२ साली कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर त्यांचा रॉयल्टीचा हक्क आता त्यांना सहीने सोडूनही देता येत नाही. हे आपोआप झालं नाही, लिहिणाऱ्यांनी उघडपणे पैशाची भाषा बोलल्यावर झालं. लेखवाल्यांनी ती भाषा अजून तोंडात धरलेली नाही. मीही चाचरलेच होते की!

‘मानधन’ या शब्दातच गोम आहे असं मला वाटायला लागलंय. मान दिला की धन राहिलं तरी चालतं, अशी सोय त्यात आहे. छापखान्याला आपण मानधन देत नाही, बिल भागवतो.

हे मी फेलोशिपवर जगत लिहितेय, म्हणून मला फुकट लिहिणं परवडतं. ती संपली की मीही चाळणीच्या त्या बाजूला असेन.

संपादकांना मी नंतर ईमेल केला. रक्कम किती, कधी मिळणार आणि लेखाचे हक्क कुणाकडे, एवढंच विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: पाचशे रुपये, अंक निघाल्यावर महिन्याभरात, हक्क तुमचेच. पाचशे फार नाहीत, पण लेखी आहेत. मी लिहायला बसलेय.